नदीकाठच्या मोटरीचा तपास

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागातील दोन तालुक्यांची सरहद्द बऱ्याच अंतरापर्यंत भीमा नदीनेच आखून दिलेली आहे. शिरूरच्या उत्तर अंगास घोड नदी वाहते, जिच्यावरून त्या गावास जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. आणि पुणे शहराचे सारे भलेबुरे पोटात घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस व वाळकी यांच्या दरम्यान भीमेला मिळते. पर्जन्यमान पाहिले तर हा मुलूख दुष्काळी म्हणावा असाच. परंतु चासकमान, डिंभे, घोड आणि खडकवासला या धरणांच्या कालव्यांनी आणि नद्यांवर बांधलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी येथील शेतीचा कायापालट केला, बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, आणि न्हावऱ्याला घोडगंगा तर पाटसला भीमा असे सहकारी साखर कारखाने निघाले. मात्र बंधाऱ्यात पाणी अडले म्हणून ते आपण होऊन शेतात चढत नाही. नदीचा काठ पाण्याहून उंच, शेत काठाहून उंच, आणि पुष्कळदा शेत नदीपासून मैल-दीड मैल दूर. ही सारी चढण जिच्या जिवावर पार पडते ती काठावरची विजेची मोटर होय, आणि म्हणून ऐन वैशाखात बंधाऱ्यात हातभर पाणी उरलेले असताना, वीज येण्याची पाळी सुरू झालेली असताना, हिरवे बटण दाबूनही ती मोटर जर उत्तर देईनाशी झाली तर त्या घरातील मंडळींच्या तोंडचे पाणी पळते, यात नवल नाही.

अशा प्रसंगी सर्वसाधारणपणे काय घडते? बटण दाबले जाते. काही होत नाही. पुन्हा दाबले जाते. मग जोराने दाबले जाते. मग बराच वेळ दाबून धरले जाते. आणि अखेर जळक्या वार्निशाचा उग्र दर्प आला म्हणजे मोटर दोरखंडाने वर ओढून, ट्रॅक्टरमध्ये घालून, चौफुल्यावर, केडगावात किंवा शिरूरच्या बाजारात रिवायंडिंगसाठी रवाना होते. तेथे तांब्याच्या नव्या तारेचे पैसे मोजून ती परत आणली जाते, जोडली जाते, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जळते. कारण मूळ दोष मोटरीत नव्हताच. सुरू न होणारी मोटर ही बहुधा फिर्यादी असते, आरोपी नव्हे. आणि आपण मात्र फिर्यादीलाच शिक्षा करून तपास संपला असे मानतो. या लेखाचा हेतू इतकाच की, तो तपास कोठून सुरू करावा, कोणत्या क्रमाने न्यावा आणि कोठे आपला हात आवरता घेऊन वायरमनला बोलवावे, हे विजेचे शिक्षण न घेतलेल्या परंतु रोज विजेशी गाठ पडणाऱ्या वाचकास समजावे.

प्रथम, मोटर सुरू होते म्हणजे काय होते ते पाहिले पाहिजे. मोट आणि नाडा जाऊन तेलाचे इंजिन आले, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी तारा पोचून इंजिनाच्या जागी मोटर आली. शेतीपंपाची ही मोटर तीन फेजवर चालते. तीन तारांतून येणारे तीन प्रवाह एकाच वेळी चढत-उतरत नसून एकमेकांच्या मागे एकतृतीयांश आवर्तनाच्या अंतराने येतात, आणि मोटरीच्या पोटातील तीन वेटोळ्यांतून ते वाहू लागले म्हणजे तेथे एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते; त्या क्षेत्राच्या ओढीने आतला लोखंडी दंडगोल, ज्याला बाहेरची एकही तार जोडलेली नसते, आपोआप फिरू लागतो. निकोला टेस्ला याने १८८८ मध्ये ज्या फिरत्या क्षेत्राच्या मोटरीचे पेटंट मिळवले आणि पुढच्याच वर्षी दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की या अभियंत्याने तीन फेजच्या रूपात जिला आजचा आकार दिला, तीच ही मोटर. तिच्या रचनेत झिजण्यासारखे फार थोडे असल्यामुळे ती मुळातच दीर्घायुषी आहे. परंतु तिच्या स्वभावात दोन गोष्टी अशा आहेत की त्या ध्यानात न ठेवल्यास सारा तपास आंधळेपणाने होतो. एक म्हणजे, स्थिर अवस्थेतून उठताना ती नेहमीच्या सहा-सातपट प्रवाह मागते. साडेसात अश्वशक्तीची मोटर चालताना अकराएक अँपिअर घेत असेल, तर उठताना काही क्षण सत्तरच्या घरात जाते. दुसरी म्हणजे, तीनपैकी एक फेज नाहीसा झाला तर क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. चालती मोटर अशाही स्थितीत उरलेल्या दोन तारांतून पावणेदोनपट प्रवाह ओढून कशीबशी चालत राहते, पण थांबलेली मोटर मात्र उठूच शकत नाही, नुसती घुमत राहते, आणि त्या घुमण्याच्या काळात तो सहापट प्रवाह तिच्या वेटोळ्यांतून अखंड वाहत असतो. मोटरी जळतात त्या बहुतांशी या अर्ध्या मिनिटात.

आता स्टार्टरची पेटी. तिच्यात दोन निरनिराळे मार्ग आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की अर्धे काम झाले. पहिला मार्ग शक्तीचा: तीन फेज फ्यूजमधून येतात, काँटॅक्टरच्या तीन जोडपट्ट्यांवरून, ओव्हरलोड रिलेमधून आणि केबलमधून मोटरीकडे जातात. दुसरा मार्ग हुकमाचा, बारीक तारांचा: एका फेजमधून निघून लाल बटण, ओव्हरलोड रिलेचा लहान संपर्क आणि हिरवे बटण ओलांडून तो कॉइलमध्ये शिरतो आणि कॉइलमधून बाहेर पडून दुसऱ्या फेजला मिळतो. हिरवे बटण दाबले की कॉइलचे चुंबक काँटॅक्टर खाली खेचते, तीन जोड एकदम मिळतात, आणि त्याच क्षणी एक चौथा, लहानसा जोड मिळून बटणावरचे बोट काढले तरी कॉइलला प्रवाह चालू ठेवतो. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी माणसाने पुन्हा हुकूम दिल्याशिवाय मोटर उठत नाही. हा शेवटचा बंदोबस्त ज्याने योजला त्याने रात्री-अपरात्री मोटरीशेजारी वाकलेल्या माणसाच्या जिवाचा विचार केला होता, हे विसरू नये.

या रचनेतून तपासाची पहिली पायरी आपोआप निघते, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही, फक्त कान लागतात. बटण दाबल्यावर पेटी पूर्णपणे मुकी राहिली, साधा ‘खट्’ असा आवाजही आला नाही, तर मोटरीकडे किंवा केबलकडे पाहण्याचे काहीही प्रयोजन नाही. दोष हुकमाच्या मार्गात आहे. ज्या दोन फेजवर कॉइल बसवली आहे त्यांपैकी एक गैरहजर असेल, फ्यूज उडाला असेल, लाल बटण आत अडकून बसले असेल, ओव्हरलोड रिले सुटून तशीच राहिली असेल किंवा कॉइल जळली असेल. यांपैकी रिलेचे प्रकरण सर्वांत वारंवार घडणारे आणि सर्वांत सोपे: तिच्यातील द्विधातूची पट्टी तापून वाकलेली असते, ती निवायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि तोवर रिसेटचे बटण कितीही दाबले तरी ते बसत नाही. मात्र रिले एकदा सुटली तर निसर्गाचा कौल म्हणून सोडून द्यावे. ती दुसऱ्यांदा सुटली तर ती काहीतरी सांगत आहे असे समजावे, आणि तिच्या तबकडीवरचा आकडा वाढवून तिचे तोंड बंद करण्याचा मोह आवरावा. तो आकडा मोटरीच्या नामपट्टीवरील प्रवाहाइतका असावा; स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये, ज्याचा खुलासा पुढे येईल, रिले बहुधा वेटोळ्याच्या वाटेवर असते, तेथे तो नामपट्टीच्या ५८ टक्के ठेवतात, म्हणजे चौदा अँपिअरच्या मोटरीस आठाच्या जवळपास. हा भेद न कळल्यामुळे कित्येक स्टार्टरांतील रिले शोभेपुरती उरलेली आहे.

‘खट्’ आवाज आला, मोटर धावली, पण बोट उचलताच थांबली, तर तो चौथा लहान जोड काळा पडला आहे किंवा त्याची तार सुटली आहे. दोष रुपया-दोन रुपयांचा असतो. येथे आपल्याकडे एक अघोरी उपाय रूढ आहे, तो म्हणजे काँटॅक्टरच्या फटीत लाकडाची ढलपी किंवा काडी ठोकून तो कायमचा दाबून ठेवणे. ज्या क्षणी ती काडी आत गेली त्या क्षणी लाल बटण, ओव्हरलोड रिले आणि वीज जाताच सुटणारी कॉइल ही तिन्ही संरक्षणे एकदम नामंजूर झाली. यापुढे मोटर आणि आग यांच्यामध्ये फक्त फ्यूज उरला, आणि तोही जाड तांब्याची तार वळून बांधलेला असेल तर काहीच उरले नाही. काँटॅक्टर धड चिकटत नाही, खडखडतो, तडतड करतो, अशी तऱ्हा असेल तर एकतर दाब कमी आहे, किंवा चुंबकाच्या तोंडावर धूळ, गंज अथवा मुंग्यांचा लगदा बसला आहे. नदीकाठच्या पेट्यांत मुंग्या आणि पाली यांचा राबता एवढा असतो की, पेटीच्या खालच्या भोकांना रबरी ग्लँड बसवणे हे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

आणि तिसरा प्रकार सर्वांत घातक: ‘खट्’ झाले, काँटॅक्टर बसला, आणि मोटर हलली नाही, नुसती घूं घूं करीत राहिली. हा आवाज ऐकताच दोन सेकंदांत लाल बटण दाबावे. विचार नंतर करावा. दोष आता शक्तीच्या मार्गात आहे. कॉइलचा संबंध तीनपैकी दोनच फेजशी असल्यामुळे तिसरा फेज गेला तरी हुकूम बिनतक्रार सुटतो, काँटॅक्टर बसतो, आणि मोटर दोन तारांवर अडकते. म्हणजे एकच आपत्ती, कोणता फेज गेला यावर अवलंबून, एकदा संपूर्ण मौनाच्या रूपात दिसते आणि एकदा घुमण्याच्या रूपात; गावातले लोक हे दोन वेगळे आजार समजतात आणि दोहोंवर वेगळे इलाज करतात. बाजारात मिळणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचे छोटे उपकरण या दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करते, एवढेच त्याचे काम. पण एवढ्याने मोटर वाचते.

फेज आहे की नाही हे पाहावयाचे कसे, या प्रश्नावर बहुतेकांच्या खिशातून एक टेस्टर बाहेर येतो, आणि तपास बहुधा तेथेच भरकटतो. टेस्टरमधील निऑनचा दिवा पेटण्यास नाममात्र प्रवाह पुरतो. त्यामुळे जळून कोळसा झालेल्या जोडाच्या पलीकडे, किंवा मोटरीच्या वेटोळ्यातून फिरून उलट आलेल्या दाबावरसुद्धा तो आनंदाने पेटतो, आणि तिन्ही तारांवर दिवा लागला म्हणून तिन्ही फेज ठणठणीत आहेत असा खोटा दाखला देऊन मोकळा होतो. टेस्टर हजेरी सांगतो, कुवत सांगत नाही. कुवत पाहावयाची तर जाणत्या वायरमनने मीटर लावून तीन जोड्या मोजाव्यात, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला. प्रत्येक जोडीत ४१५ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांशी मिळताजुळता आकडा हवा, आणि ही मोजणी मोटर सुरू करण्याचा प्रयत्न चालू असताना झाली पाहिजे. रिकाम्या तारेवर ४०० दाखवणारा मीटर मोटरीने मागणी करताच एका जोडीवर १५० वर कोसळला, तर गुन्हेगार सापडला. मीटर नसेल तर दोन दिवे एकापुढे एक जोडून केलेला जुना टेस्ट लँप टेस्टरपेक्षा अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे, कारण तो थोडा तरी भार टाकतो.

याच मोजणीतून कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते: एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये पूर्ण २४० व्होल्ट, आणि उरलेल्या दोन्हींवर निम्मेच, वस्तीवर याचे रूप म्हणजे एका घरात दिवा लख्ख आणि शेजारच्या दोन घरांत लालसर, मरगळलेला. असे दिसले तर आपल्या पेटीला हात लावू नये. रोहित्राच्या, म्हणजे आपल्या भाषेतील डीपीच्या, ११ हजार व्होल्टच्या अंगाचा एक फ्यूज उडालेला आहे. वरच्या वेटोळ्यांची जोडणी त्रिकोणी असल्याने एकाला पूर्ण दाब मिळतो आणि दोघांना एकाचा वाटा अर्धा-अर्धा वाटून घ्यावा लागतो. हे दुरुस्त करण्याचा अधिकार आणि साधने दोन्ही महावितरणच्या माणसाकडे आहेत. डीपीवर चढून आपणच फ्यूज बांधणारे धाडसी तरुण प्रत्येक गावात असतात, आणि त्यांपैकी काहींची नावे आता फक्त आठवणीत उरली आहेत. म्हणून या बाबतीत धाडसाचे कौतुक करण्याची माझी तयारी नाही.

पुरवठा सर्व बाजूंनी शाबूत असूनही मोटर उठत नसेल तर केबलचा विचार करावा, कारण नदीकाठच्या शेतकऱ्याची ही खास पीडा आहे. पुराच्या भीतीने मीटर आणि स्टार्टर उंचावर, मोटर मात्र पाण्याजवळ, आणि पाणी जसजसे मागे हटते तसतशी मोटर पुढे सरकत जाऊन केबलला तुकडे जोडले जातात. साडेसात अश्वशक्तीच्या मोटरीस चार चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलने तीनशे मीटरवरून वीज दिली, तर मोटर चालत असताना वाटेत सुमारे २६ व्होल्ट खर्ची पडतात, आणि ते चालवून घेता येते; परंतु उठण्याच्या क्षणी, जेव्हा मागणी पाच-सहापट होते, तेव्हा मोटरीच्या अग्रांवरचा दाब साठ-सत्तर व्होल्टांनी खाली येतो. मोटरीची पिळण्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे दाब सहाव्या हिश्शाने कमी झाला तर शक्ती जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटते. आणि त्यात फीडरच्या शेपटाला असल्यामुळे मूळचाच दाब साडेतीनशे असेल, तर ती बिचारी कशाच्या बळावर उठणार? हाताने पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला प्रत्येक जोड यात आपली भर घालतो. ॲल्युमिनियमची तार तांब्याला नुसती पिळून जोडली असेल तर काही महिन्यांत तेथे पांढरी-काळी भुकटी धरते. मोटर चालून बंद झाल्यावर, मुख्य स्विच पाडून, असे जोड हाताच्या पाठीने चाचपून पाहावेत. जो इतरांपेक्षा गरम लागेल तोच दोषी. स्टार-डेल्टा स्टार्टर येथे एक वेगळाच पेच घालतो: तो मुद्दाम पहिले काही क्षण वेटोळ्यांना ५८ टक्के दाब देतो, जेणेकरून उठतानाचा प्रवाह एकतृतीयांश व्हावा, पण पिळण्याची शक्तीही त्याबरोबर एकतृतीयांश होते, आणि बारीक, लांब केबलवर ती एवढी क्षीण ठरते की मोटर अर्ध्या वेगावरच रेंगाळते.

एवढे सगळे निर्दोष ठरल्यावरच संशयाची सुई पाण्याकडे वळवावी. भीमेच्या पात्रातील वाळू पंपाच्या पंख्यात शिरून तो जाम करते; मुळा-मुठेतून वाहत येणारी जलपर्णी जाळीवर गच्च बसते. मुख्य स्विच पाडून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवून, काठावरच्या मोनोब्लॉक पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहिला तर अडथळा आहे की नाही हे मिनिटभरात कळते. मोटर फिरते, आवाजही ठीक आहे, पण पाणी नेहमीच्या चौथ्या हिश्शानेच पडते, अशी तक्रार डीपीच्या दुरुस्तीनंतर लगेच आली, तर कामगाराने दोन फेज अदलाबदल करून जोडले आहेत आणि मोटर उलटी फिरत आहे. स्टार्टरकडे येणाऱ्या तीन फेजपैकी कोणत्याही दोन तारा बदलल्या की प्रश्न मिटतो. पावसाळ्यात धरणांतून विसर्ग वाढला आणि काठावरची मोटर बुडाली, तर पाणी ओसरताच ती चालू करून पाहण्याइतका महाग प्रयोग दुसरा नाही. गाळ गोड्या पाण्याने धुवावा, मोटर उघडून मंद उष्णतेवर दोन-तीन दिवस वाळवावी, आणि वेटोळे व लोखंडी अंग यांच्यामधील विरोध पाचशे व्होल्टच्या मेगरने निदान एक मेगओहम भरेपर्यंत तिला वीज दाखवू नये.

या तपासात एक साक्षीदार असा आहे की ज्याच्याविषयी गावात कोणी वाईट बोलत नाही, आणि तो म्हणजे ऑटो स्विच. शेतीला वीज पाळीपाळीने मिळते, आठवड्याने दिवसाची पाळी रात्रीवर जाते, आणि उसाच्या रानातून रात्री दोन वाजता नदीवर जाणे ही शिरूर तालुक्यात केवळ झोपेची बाब राहिलेली नाही. हा तालुका जुन्नर वनविभागात मोडतो आणि तेथील बिबट्यांनी उसालाच आपले वन मानले आहे. अशा स्थितीत वीज येताच आपण होऊन मोटर चालू करणारी डबी शेतकऱ्याने बसवली तर त्याला दोष कोण देईल? पण परिणाम पाहा. वीज आली त्याच सेकंदाला एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटरी एकदम उठू लागतात, प्रत्येक सहापट मागते, डीपीचा दाब कोसळतो, त्यामुळे कोणतीच धड उठत नाही, सर्व जणी घुमत राहतात, आणि मग एकतर फ्यूज उडतात किंवा डीपीच जळते व पुढचे कित्येक दिवस सर्वांचेच पाणी बंद होते. महावितरण वर्षानुवर्षे ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे आवाहन करीत आले आहे. पाच अश्वशक्तीस दोन आणि साडेसात अश्वशक्तीस तीन केव्हीएआर एवढा कपॅसिटर लावल्यास तारांवरचा निष्फळ प्रवाह घटून दाब थोडासा सावरतो. आवाहन योग्यच आहे. परंतु रात्रीची पाळी जोवर आहे तोवर डबी निघणार नाही, हेही तितकेच खरे. मधला मार्ग म्हणून प्रत्येकाने आपल्या डबीस निरनिराळ्या विलंबाचा टायमर लावावा, एकाने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, अशी गावकीने तजवीज केली तर सर्वांच्याच मोटरी उठतील. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ पासून नव्या स्वरूपात राबवल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे उद्दिष्ट शेतीला दिवसा वीज देण्याचे आहे, आणि ते जेथे साध्य होईल तेथे ऑटो स्विचचे समर्थन करण्यास जागा उरणार नाही.

जाता जाता एका अगदी वेगळ्या यंत्राचा उल्लेख करतो, कारण पाण्यावरच्या विजेची जात सर्वत्र एकच असते. कोकणात तारकर्लीच्या किंवा नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या ज्या जलस्कूटर दिसतात, त्यांचे इंजिन पेट्रोलचे असले तरी ते उठवणारी मोटर विजेची, बारा व्होल्टच्या बॅटरीवरची असते, आणि ती सुरू झाली नाही की तेथेही हाच क्रम लागू पडतो. चालकाच्या मनगटाची सुरक्षादोरी बटणावर नीट बसलेली नसेल तर हुकमाचा मार्गच तुटलेला असतो आणि यंत्र मौन धरते. ‘खट्’ असा रिलेचा आवाज येऊनही इंजिन फिरत नसेल तर दोष बॅटरीत, तिच्या खारट हवेने हिरव्या पडलेल्या अग्रांत किंवा जाड तारांत असतो. तेथेही स्वस्थ बॅटरीवर साडेबारा व्होल्ट दाखवणारा मीटर माणसाला फसवतो. बटण दाबलेले असताना तो नऊच्या खाली गेला तर बॅटरी निकामी समजावी. मालवणच्या होडीवाल्यास आणि वाळकीच्या बागाईतदारास एकच धडा निरनिराळ्या पाण्यात शिकावा लागतो.

राहता राहिली गोष्ट पूर्वतयारीची, आणि तिच्यासाठी मोटर बिघडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या दिवशी मोटर उत्तम चालत आहे, पाणी भरून पडत आहे, अशा एखाद्या दिवशी वायरमनला चहास बोलवावे, त्याच्या क्लँप मीटरने तिन्ही तारांचा प्रवाह आणि तिन्ही जोड्यांचा दाब मोजून घ्यावा, आणि ते सहा आकडे स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ऑइलपेंटने लिहून ठेवावेत. पुढे कधी काही बिघडले तर तुलनेला आधार राहतो, आणि कोणता आकडा ढळला यावरून दोष कोठे आहे ते निम्मे कळून चुकते. पंपाच्या लोखंडी अंगापासून निघालेली अर्थिंगची तार जमिनीत खरोखर पोचली आहे काय, की गवतात नुसती लोंबते आहे, हेही त्याच भेटीत पाहून घ्यावे. पेटी उघडताना मुख्य स्विच पाडलेला असावा, हात आणि पायांखालची जमीन कोरडी असावी, आणि सोबत दुसरा माणूस असावा. त्याच झाकणावर आपल्या डीपीचा क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि महावितरणचा १९१२ हा तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक लिहा, आणि दोष डीपीवर आहे असे दिसताच शिडी न शोधता तो फिरवा.